जुने पार्ट विकणाऱ्या मालकांनो, काउंटरवरच्या मुलाला आधी शिकवा

प्रति,
गोव्यात जुन्या मोटार-पार्टची दुकानं आणि भंगारअड्डे चालवणारे सर्व मालक

सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यात गॅरेज चालवतो. लहानसंच आहे, एक खड्डा, एक जॅक, हाताखाली दोन मुलं. माझ्याकडे येतात त्या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या: जुनी वॅगनार, सँट्रो, इंडिका, पहिल्या आकाराची स्विफ्ट, भाजीवाल्याची ओम्नी. यांच्या मालकांना नवा डायनामो (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) किंवा नवा स्टिअरिंग रॅक घ्या म्हणून सांगायचं म्हणजे गाडी विकून टाका असंच सांगणं. त्यामुळे तुमच्या दुकानांशिवाय माझं पान हलत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुमच्यापैकी काहींना राग येणार आहे.

तुमच्या काउंटरवर जी मुलं उभी असतात, तुमचा फोन जी मुलं उचलतात, त्यांना तुम्ही काहीही शिकवलेलं नाही. आणि त्याचा भुर्दंड माझं गिऱ्हाईक भरतं.

चतुर्थीच्या आधीची गोष्ट. सत्तरी तालुक्यातल्या एका शिक्षकांची २००९ची वॅगनार माझ्याकडे आली. पाणी जाऊन डायनामोचं वाइंडिंग जळालेलं, पुन्हा वाइंडिंग करून ते टिकेल असं वाटत नव्हतं. मी एका दुकानात फोन लावला. दुकानाचं नाव लिहीत नाही. हे दुखणं एका दुकानाचं नाही.

"वॅगनारचा डायनामो आहे?"

"आहे, आहे."

"२००९ची गाडी आहे. जुनं इंजिन, चार सिलिंडरचं. के-सिरीजचं देऊ नको."

"वॅगनारचाच आहे, पात्रांव (म्हणजे मालक). बसेल."

"त्याच्यावरचा स्टिकर बघ. नंबर वाच बघू."

"स्टिकर निघालाय. फोटो टाकतो."

फोटो आला. डायनामो जमिनीवर उताणा, कपलरची (वायर जोडायच्या सॉकेटची) बाजू खाली, अर्ध्या फोटोत मुलाची चप्पल. दुसरा फोटो मागेपर्यंत त्याने शिक्षकांना परस्पर फोन करून सांगितलं, की दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, पैसे टाका. चवथ तोंडावर आलेली, घरी जायचं, सामान न्यायचं. त्यांनी पैसे टाकले. संध्याकाळच्या बसने पार्सल डिचोलीला आलं. पिशवी सोडताक्षणी दिसलं: तीन सिलिंडरच्या इंजिनाचा डायनामो. ब्रॅकेटवर धरून पाहिला, भोकं जुळेनात. जुळणारच नव्हती.

वॅगनारमध्ये २०१०पर्यंत १०६१ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं. २०१० साली कंपनीने ९९८ सीसीचं, तीन सिलिंडरचं के-टेन इंजिन बसवलं. नाव तेच राहिलं, उभट आकारही ओळखीचा राहिला; बोनेटखालचं सगळं बदललं. ही काही कंपनीच्या इंजिनिअरलाच कळावी अशी गुप्त गोष्ट नाही. ज्याच्या अंगणात वॅगनारी कापल्या जातात त्याच्या प्रत्येक मुलाला ही पहिल्या आठवड्यात कळायला हवी.

परत फोन केला तर उत्तर मिळालं, "इलेक्ट्रिक माल परत होत नाही. बोर्ड लावलाय." मालकांना फोन दे म्हटलं तर मालक बेळगावला गेलेले. दुसऱ्या दिवशीही बेळगावलाच. शिक्षक आणि त्यांचं कुटुंब चवथीला सामान घेऊन बसने गेलं. परत आल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "ते दुकान तुमच्या ओळखीचं होतं ना?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे तुमच्या गल्ल्यात गेले आणि विश्वास माझ्या खात्यातून वजा झाला.

आता त्या मुलाबद्दल. त्याच्यावर माझा राग नाही. नंतर एकदा त्याला दुकानात भेटलो. विशीतला पोरगा, आधी एका हॉटेलात भांडी घासत होता, मग कुणाच्या तरी ओळखीने इथे लागला. त्याला कुणी काय सांगितलं? गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही. बस, एवढंच. मग तो प्रत्येक प्रश्नाला "आहे" म्हणतो, प्रत्येक शंकेला "बसेल" म्हणतो. खोटं बोलावं असं त्याच्या मनात नसतं. खरं काय ते त्याला ठाऊकच नसतं. तो बिहारचा आहे, बेळगावचा आहे की साखळीचा आहे, याच्याशीही मला देणंघेणं नाही. भायले (बाहेरचे) आणि स्थानिक हा वाद इथे कुणी आणू नये. आपल्याच गावच्या मुलाला न शिकवता उभं केलं तर तोही हेच करतो, आणि मी ते पाहिलेलं आहे.

तुमच्यातले जुने लोक म्हणतील, आम्हाला तरी कुणी शिकवलं होतं? खरं आहे. पण तेव्हाच्या गाड्या आठवा. मारुती ८०० आणि ओम्नी, दोन्हींत तेच ७९६ सीसीचं इंजिन. वर्षानुवर्षं मॉडेल बदलायचं नाही. १९९२च्या गाडीचा दरवाजा काढून १९९६च्या गाडीला लावा, काम व्हायचं. मालक स्वतः खुर्ची टाकून अड्ड्यावर बसायचे, कापलेली प्रत्येक गाडी त्यांच्या डोळ्यांसमोर कापलेली असायची आणि कुठला पार्ट कुठे पडलाय ते त्यांना अंधारात सांगता यायचं. त्या काळी डोक्यातली वही पुरत होती.

आज एका स्विफ्टचं बघा. २००५ साली आली तेव्हा १३०० सीसीचं पेट्रोल इंजिन. २००७ला डिझेल आलं. २०१०ला पेट्रोल बदलून १२०० सीसीचं झालं. २०११ला अख्खा आकार बदलला, २०१८ला पुन्हा बदलला, २०२४ला आणखी एकदा, आणि त्या वेळी तर इंजिनाचं एक सिलिंडरही कमी झालं. आता कुणी फोनवर "स्विफ्टचा बंपर आहे का" विचारलं आणि तुमचा मुलगा "आहे" म्हणाला, तर त्या "आहे"ला काय अर्थ राहिला? त्यावर एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय असे प्रकार. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली गाडी आणि नसलेली गाडी. बऱ्याच गाड्यांत एबीएसच्या ड्राइव्ह शाफ्टवर दातेरी रिंग असते. ती नसलेला शाफ्ट बसतो व्यवस्थित, गाडी चालतेही, फक्त डॅशबोर्डवर दिवा पेटून राहतो आणि ब्रेक दाबल्यावर एबीएस काम करत नाही. गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन म्हणतं, तुम्ही काहीतरी वायर तोडली.

ईसीएमचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, तर विचारूच नका. इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) असलेल्या गाडीचा ईसीएम नुसता काढून दुसरीला लावला की ती गाडी चालूच होत नाही. चावीतली चिप, इमोबिलायझर आणि ईसीएम यांची एकमेकांशी ओळख असावी लागते. म्हणून गाडी कापतानाच तिन्ही वस्तू एकत्र काढून एका पिशवीत बांधून ठेवायच्या असतात. मी एका अड्ड्यावर ईसीएमांचा ढीग पाहिला आहे, बटाट्यांसारखा ओतलेला, आणि चाव्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या डब्यात, कुठली कुणाची पत्ता नाही. तो सगळा माल चांगला असूनही निरुपयोगी होता. यात नुकसान कुणाचं झालं? सगळ्यात आधी मालकाचंच.

आणि पुढे हे आणखी अवघड होणार आहे. २०१९च्या एप्रिलपासून नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं, त्याच वर्षीच्या जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग. १ एप्रिल २०२०पासून बीएस-सहा, म्हणजे धुराचे आणखी कडक नियम. त्या गाड्या अपघात होऊन, विम्यात निकाली निघून तुमच्या अड्ड्यांवर यायला लागल्या आहेत. त्यांच्यातले सेन्सर, मॉड्यूल, वायरिंग हे सगळं कालपरवापर्यंत भांडी घासणाऱ्या मुलाच्या अंदाजावर कसं विकणार?

फोंड्याला एक वयस्क दुकानदार आहेत, त्यांना मी काका म्हणतो. त्यांच्याबद्दल मुद्दाम लिहितो, कारण हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. त्यांना फोन केला की ते गाडीचं नाव नंतर ऐकतात. आधी म्हणतात, "चेसिस नंबर पाठव." मग आरसीवरचा महिना-वर्ष विचारतात, मग इंजिन, मग माझ्या हातातल्या जुन्या पार्टचा फोटो मागतात, कपलर वर करून, पिना मोजता येतील असा. हे सगळं जुळलं तरच "आहे" म्हणतात. त्यांच्या रॅकवर प्रत्येक पार्टवर पांढऱ्या ऑइल-पेंट मार्करने लिहिलेलं असतं: गाडी, वर्ष, इंजिन, कुठल्या तारखेला काढला. ती अक्षरं ग्रीस पुसलं तरी जात नाहीत. आणि एक जाडजूड वही आहे, कडा काळ्या पडलेली. कुठल्या गाडीचा कुठला पार्ट कुठल्या दुसऱ्या गाडीला चालतो, हे त्यांनी स्वतःच्या हाताने त्यात लिहून ठेवलंय. काही ओळींवर काट मारून बाजूला लिहिलंय, "बसतो पण चालत नाही".

एकदा मला १३००च्या डिझेल स्विफ्टसाठी टर्बो हवा होता. दुसऱ्या एका दुकानातला मुलगा एर्टिगाचा टर्बो घेऊन जा म्हणत होता, इंजिन एकच आहे म्हणून. काकांना विचारलं. त्यांनी फोनवरच समजावलं: इंजिनाचं घराणं एकच, फियाटचं १२४८ सीसी. स्विफ्टमध्ये ते ७५ अश्वशक्तीचं, एर्टिगात ९०चं. ९०च्या टर्बोत हलती पाती असतात, ७५च्यात नसतात. तो घेऊ नकोस. आणि मग म्हणाले, माझ्याकडे तुझ्या गाडीचा नाही, मडगावला एकाकडे आहे, त्याला माझं नाव सांग. स्वतःचा धंदा सोडून त्यांनी मला दुसरीकडे पाठवलं. तेव्हापासून कुठलाही पार्ट लागला की माझा पहिला फोन त्यांनाच जातो. तुम्हीही धंदेवाले आहात, यात कुणाचा फायदा झाला ते तुम्हाला मी सांगायला नको.

अमेरिकेत भंगारवाल्यांसाठी अशी अदलाबदलीची सूची १९३४ सालापासून निघते, हॉलंडर नावाची. काउंटरवरचा माणूस नवा असला तरी नंबर बघून तो सांगू शकतो, की हा पार्ट या या गाड्यांना चालेल. आपल्या अड्ड्यांवर मी तशी वही पाहिली ती काकांकडेच. पण काकांनी ती कुठून विकत आणली नव्हती, रोज थोडी थोडी लिहिली. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या डोक्यात अशी अर्धी वही आहेच. ती कागदावर उतरवा आणि मुलाच्या हातात द्या. तुम्ही बेळगावला जाल तेव्हा तुमचं डोकं तुमच्याबरोबर जातं, वही दुकानातच राहते.

चेसिस नंबरचं शिक्षण तर अर्ध्या तासाचं काम आहे. सतरा अक्षरं-आकडे. पहिली तीन अक्षरं कंपनी सांगतात: एमए३ म्हणजे मारुती, एमएएल म्हणजे ह्युंदाई, एमएटी म्हणजे टाटा, एमए१ म्हणजे महिंद्रा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच. गोल दिसलं की ते शून्यच समजायचं. एवढं सांगितलं तरी मुलगा नंबर चुकीचा उतरवून घेणार नाही. बऱ्याच पार्टवर पार्ट नंबर कोरलेला किंवा छापलेला असतो. तो कुठे शोधायचा, चिंधी आणि रॉकेलने कसा स्वच्छ करायचा, हे दाखवायला किती वेळ लागतो?

आपल्या हवेबद्दल वेगळं लिहावंच लागेल. गोव्यात पावसाळ्याचे चार महिने, वर खारा वारा. उघड्यावर टाकलेल्या डायनामोच्या, सेल्फच्या (स्टार्टर मोटरच्या) कपलरमध्ये हिरवा थर धरतो. बाहेरून पुसून चकचकीत केला तरी पिना आतून खाल्लेल्या असतात. ताडपत्री घातली म्हणजे झालं असं नाही, जमिनीतून ओल येतेच. माल फळीवर हवा. आणि विकताना तपासून द्यायला हवा. मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. एक बॅटरी, एक जुनी मोटर, पट्टा लावून डायनामो फिरवायचा. साधारण पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट दाखवला की चार्ज करतोय. सेल्फला बॅटरीवर झटका देऊन पाहायचं. ड्राइव्ह शाफ्टचा बूट फाटलाय का, सांधा हाताने वळवल्यावर कट्‌कट्‌ वाजतो का. रेडिएटर पाणी भरून, दाब देऊन बघायचा. सिलिंडर हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून उजेड दिसतो का पाहायचं, वाकलेलं असेल तर लगेच कळतं. यातलं एकही काम अवघड नाही. पण ते कुणीतरी एकदा हाताला धरून दाखवावं लागतं.

पुरातल्या गाड्यांचंही तसंच. २०१९ला कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ला चिपळूणला घरांबरोबर गाड्याही पाण्याखाली गेल्या. बुडालेल्या गाडीचा ईसीएम वरून कोरा दिसतो, आत गाळाची पातळ रेघ असते. मुलाला उघडून बघायची सवय लावली तर ती दिसेल. नाही लावली तर ती मला दिसेल, गिऱ्हाइकाचे पैसे गेल्यावर.

आता ज्याची मला खरी भीती वाटते ते. एका दुकानात माझ्यासमोर एका माणसाला अपघातातल्या गाडीची एअरबॅग विकायला काढली होती. मुलगा म्हणत होता, "उघडलेली नाही, चालते." एअरबॅगमध्ये स्फोटक भरलेलं असतं. ती किती गरमीत, किती पाण्यात पडून राहिली, अपघातात तिच्या वायरला काय झालं, हे बाहेरून कुणालाही सांगता येत नाही. ती वेळेवर उघडणार नाही किंवा नको तेव्हा उघडेल, आणि दोन्हींत समोर बसलेल्या माणसाचं तोंड आहे. अपघातात ताणला गेलेला सीटबेल्ट, त्याचा टेन्शनर, याचंही तेच. ब्रेकचे रबरी पाइप, जुने ब्रेक-पॅड हे तर विकण्याच्या लायकीचेच नसतात. त्या मुलाला हे माहीत असतं तर त्याने ती एअरबॅग बाहेर काढलीच नसती, याबद्दल मला शंका नाही. तो वाईट मुलगा नव्हता. त्याने ती अगदी जपून, फडक्यात गुंडाळून दिली.

मालकांनो, या एका बाबतीत मी काहीही ऐकून घेणार नाही. काय विकायचं नाही याची यादी आधी भिंतीवर लावा. "इलेक्ट्रिक माल परत होत नाही" हा बोर्ड नंतर.

त्या बोर्डाबद्दलही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वाचा. बिल न देणं ही त्यात अनुचित व्यापार प्रथा ठरवलेली आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदतच लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. जुना माल नवा म्हणून खपवणं तर आहेच. जुन्या पार्टला नव्यासारखी वॉरंटी कुणी मागत नाही. पण सांगितलेल्या गाडीला न बसणारा पार्ट पाठवायचा आणि मग बोर्ड दाखवायचा, हे चालणार नाही. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आता माझ्या गिऱ्हाइकांनाही पाठ आहे. तुमच्या काउंटरवरच्या मुलाला यातलं काहीच माहीत नसतं. तो बोर्ड वाचून दाखवतो आणि शिव्या खातो.

इंजिनाच्या बाबतीत तर त्याच्या शिव्यांवर भागत नाही. आरसीवर इंजिन नंबर असतो, इंजिन बदललं की आरटीओत नोंद करावी लागते. त्यासाठी हे इंजिन कुठल्या गाडीचं, ती गाडी कशी निकाली निघाली, याचा कागद लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. २०२१पासून नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांचे स्वतंत्र नियम आहेत. मी काउंटरवर कागद मागतो तेव्हा मुलगा माझ्याकडे असा बघतो, की जणू मी त्याच्या घराचे कागद मागितले. उद्या एखादं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलिस आधी कुणाला विचारणार? जो विकताना समोर होता त्याला. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असताना तो बाळगणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७खाली गुन्हा आहे. महिन्याच्या पगारावर राबणाऱ्या पोराला या खाईच्या काठावर उभं करताना त्याला निदान सांगा तरी, की समोर काय आहे.

शिकलेली मुलं मिळत नाहीत, हे उत्तर मला नेहमी मिळतं. डिचोली, म्हापसा, फर्मागुडी, सरकारी आयटीआय आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तो करून बाहेर पडलेली मुलं शोरूममध्ये घेत नाहीत तेव्हा हॉटेलच्या रिसेप्शनला लागतात किंवा रेंट-अ-कारच्या गाड्या धुतात. मला अशी मुलं माहीत आहेत. त्यांना तुम्ही कधी विचारलंय? अप्रेंटिसचा कायदा १९६१पासून आहे. आयटीआयच्या मास्तरांना भेटा, सांगा, की आमच्याकडे रोज वेगवेगळ्या गाड्या उघडल्या जातात, मुलांना हात काळे करायला पाठवा. जेवढं वैविध्य तुमच्या अड्ड्यावर आहे तेवढं शोरूममध्ये कुणाला बघायला मिळत नाही. आणि असलेल्या मुलाला काढून टाकू नका. भांडी घासणारा तो मुलगा मला हुशार वाटला. मी त्याला दोन डायनामो शेजारी ठेवून फरक दाखवला, तर त्याने स्वतःहून मागच्या ढिगातून तिसरा आणला आणि विचारलं, "मग हा कुठला?" तो झेनचा होता. हा प्रश्न ज्या मुलाला पडतो त्याला शिकवायला कितीसं लागतं?

पगाराबद्दलही बोलतो, कारण त्याशिवाय हे पत्र अर्धवट राहील. मुलगा शिकला की दुसरीकडे जातो, म्हणून शिकवत नाही, असं एका मालकांनी मला तोंडावर सांगितलं. शिकलेल्या मुलाला न शिकलेल्याचाच पगार दिला तर तो जाणारच. त्याच्यामुळे किती पार्सलं परत यायची थांबली, किती गिऱ्हाइकं पुन्हा आली, हे मोजा आणि त्यातला वाटा त्याला द्या.

आपल्या या धंद्याला गोव्यात आधीच वाईट नाव आहे. भंगारअड्डा म्हटलं की लोकांना आगी आठवतात, टायरात साचलेलं पाणी आणि डेंग्यूचे डास आठवतात, चोरीचा माल आठवतो. पण चांगला जुना पार्ट म्हणजे एका माणसाची गाडी आणखी काही वर्षं रस्त्यावर राहणं आहे. त्या गाडीवर कुणाचं दुकान चालतं, कुणाची आई बांबोळीच्या सरकारी इस्पितळात तपासणीला जाते. कंपनीने बनवलेली, कुठलाही दोष नसलेली वस्तू वितळवण्याऐवजी पुन्हा कामाला येते. मला हा धंदा मानाचा वाटतो. तो तसाच चालावा म्हणून एवढं लिहितोय.

यापुढे मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगणार आहे: जिथे चेसिस नंबर विचारतात, नंबर दिसेल असा फोटो पाठवतात आणि गाडीचं वर्ष लिहून बिल देतात, तिथूनच पार्ट घ्या. बाकी दुकान कितीही जवळ असलं तरी नको. डिचोली-सत्तरीतल्या माझ्या ओळखीच्या गॅरेजवाल्यांशीही मी बोललो आहे, त्यांचंही हेच म्हणणं आहे.

आणि माझ्याकडून एक गोष्ट मी देऊ करतो. रविवारी माझं गॅरेज बंद असतं. तुमची मुलं माझ्याकडे पाठवा, किंवा बोलवा, मी तुमच्या अड्ड्यावर येतो. फोंड्याच्या काकांनाही विचारलं आहे, गुडघे साथ देतील तोवर तेही यायला तयार आहेत. फी काही नाही. एक कापायला आलेली गाडी, एक बॅटरी आणि पांढरा मार्कर एवढं तयार ठेवा. सुरुवात चेसिस नंबरपासून करू, मग डायनामो आणि सेल्फ, मग काय विकायचं नाही ते. पहिल्या दिवशी मालकांनीही मुलांबरोबर बसावं, ही माझी अट आहे. दसऱ्यानंतरचा कुठलाही रविवार मला चालेल.

आपला,
डिचोली तालुक्यातला एक गॅरेजवाला